विमानतळाचा आवाज आणि आजूबाजूची जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानतळाजवळ राहणारा माणूस आणि विमानतळाचा ध्वनिनकाशा काढणारा माणूस एकाच आवाजाबद्दल बोलत असतात, तरी दोघांचे आकडे जुळत नाहीत. पहिल्याला पहाटे सव्वातीनला जाग आणणारे विमान आठवते. दुसऱ्याच्या कागदावर वर्षभराची सरासरी असते. खालचे बहुतेक प्रश्न या न जुळण्यातूनच येतात. घर घेणारे, जमीन विकसित करणारे, नगररचनेत काम करणारे आणि आधीपासून तिथे राहणारे, असे सगळेच ते विचारतात. उत्तरे देताना माझे एक मत ठाम आहे आणि ते मी लपवलेले नाही: विमानाच्या आवाजापासून माणसांना वाचवायचे तर सगळ्यात मोठी संधी अजून न बांधलेल्या जमिनीवर असते.

विमानाचा आवाज नेमका मोजतात कसा?

उंच खांबावर बसवलेल्या मायक्रोफोनने. खांब साधारण ६ मीटर किंवा त्याहून उंच असतो, म्हणजे जमिनीवरून आणि भिंतींवरून आदळून येणारा आवाज मोजणीत कमी मिसळतो. मायक्रोफोनवर वाऱ्याची घरघर अडवणारा फोमचा गोळा असतो, वर पक्षी बसू नयेत म्हणून काटे असतात आणि खाली कुलूपबंद पेटीत यंत्र असते. ते चोवीस तास चालू राहते आणि सेकंदासेकंदाची पातळी नोंदवत जाते. ठरावीक काळाने मायक्रोफोनवर कॅलिब्रेटर चढवतात. तो १,००० हर्ट्झचा, ९४ डेसिबलचा स्थिर सूर काढतो. यंत्राने तेवढेच दाखवले, तरच पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा.

अशा खांबाखाली अर्धा तास बसून आकड्याकडे पाहत राहिले की बरेच काही कळते. आकडा ४८-४९ च्या आसपास घुटमळत असतो. विमान नीट दिसायच्या आतच तो चढू लागतो: ५५, ६१, ६८. डोक्यावरून जाताना ७९ ला टेकतो आणि मग उतरतो. चढला त्याहून सावकाश उतरतो, कारण उड्डाण करणाऱ्या जेटचा घरघराट मागच्या बाजूला फेकला जातो. पंचवीस-तीस सेकंदांत आलेखावर एक टेकडी उभी राहते.

कष्टाचे काम इथून पुढचे. कोपऱ्यावर कुत्रा भुंकला तरी टेकडी उठते, सायलेन्सर काढलेली मोटरसायकल गेली तरी उठते. म्हणून प्रत्येक टेकडीची वेळ रडारवरच्या विमानमार्गांशी जुळवून पाहतात. त्या क्षणी जवळून एखादे विमान गेले होते का, कोणत्या उंचीवरून, कोणत्या प्रकारचे? जुळले तर ती नोंद विमानाच्या खात्यात जाते, नाही तर परिसराच्या. संशय आला की ध्वनिमुद्रण ऐकतात. जोराच्या वाऱ्यातल्या नोंदी बाजूला काढतात. ही जुळणी ज्या केंद्रावर नीट होत नाही, तिथले आकडे कितीही दशांश स्थळांपर्यंत छापले तरी त्यांना अर्थ नसतो.

डेसिबलची बेरीज साधी का नसते?

डेसिबलची पट्टी लघुगणकी आहे. सारख्या आवाजाची दोन विमाने एकदम गेली तर ६० अधिक ६० म्हणजे १२० होत नाहीत, ६३ होतात. ध्वनीची ऊर्जा दुप्पट झाली की ३ डेसिबल वाढतात, दहापट झाली की १०. पण कानाचा हिशेब निराळा. १० डेसिबल वाढले की माणसाला आवाज ढोबळमानाने दुप्पट वाटतो.

याचा परिणाम नियोजनात सतत दिसतो. एखाद्या विमानतळावरची उड्डाणे दुप्पट होणार असतील, तर अहवालात “वाढ फक्त ३ डेसिबल” असे लिहिलेले सापडेल. ते खोटे नाही. पण खिडकीत बसलेल्या माणसासाठी विमानांची संख्या दुप्पट झालेली असते, आणि दोन विमानांमधली शांतता अर्धी. अहवाल वाचताना डेसिबलच्या शेजारी उड्डाणांची संख्या मागून घ्या.

एका विमानाच्या आकड्यावरून दिवसाचा आकडा कसा काढतात?

आधी एका विमानाची संपूर्ण टेकडी एकाच सेकंदात कोंबली असती तर ती किती डेसिबलची झाली असती, हे काढतात. त्याला एसईएल म्हणतात. शिखराचा आकडा ७९ असला तरी टेकडी रुंद असल्यामुळे एसईएल ८८-९० पर्यंत जातो. मग दिवसभरातल्या सगळ्या विमानांची ऊर्जा एकत्र करून ती २४ तासांवर पसरतात. २४ तासांचे सेकंद ८६,४००, म्हणून या पसरण्यात ४९.४ डेसिबल वजा होतात.

अमेरिकेत वापरतात त्या डीएनएल, म्हणजे दिवस-रात्र सरासरीच्या, मापात रात्री १० ते सकाळी ७ या वेळेतल्या प्रत्येक विमानावर १० डेसिबलचा अधिभार लावतात. म्हणजे रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहा विमानांइतके धरायचे. एक हिशेब हातानेच करून पाहू. एका घरावरून दिवसा १०० आणि रात्री १० विमाने जातात, प्रत्येकाचा एसईएल ९०. रात्रीची १० म्हणजे दिवसाची १००, एकूण २००. दोनशेचे २३ डेसिबल (शंभरचे २०, दुपटीचे ३). ९० अधिक २३ वजा ४९.४, उत्तर ६३.६. आता फक्त ती रात्रीची दहा विमाने काढून टाका: उत्तर ६०.६. दिवसाची शंभर विमाने तशीच असताना रात्रीची नुसती दहा उड्डाणे काढल्याने ३ डेसिबल उतरले. रात्रीच्या वेळापत्रकावर एवढी भांडणे का होतात, ते या एका वजाबाकीत दिसते.

मग सरासरीत आमची झोप हरवते, ही तक्रार खरी आहे ना?

बऱ्याच अंशी खरी आहे. १०० एसईएलचे एकच विमान दिवसा गेले तर डीएनएल ५०.६ येतो. ८० एसईएलची शंभर विमाने गेली तरी ५०.६च. कागदावर दोन्ही घरे सारखी, जगणे मात्र अजिबात सारखे नाही. एका घरात एकदा दचकायला होते, दुसऱ्या घरात दिवसभर बोलणे तुटत राहते.

सिडनीत १९९४ साली नवी समांतर धावपट्टी सुरू झाली तेव्हा हाच प्रश्न पेटला. नकाशावर समान आवाजाच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या बाहेर राहणाऱ्या हजारो लोकांचा समज झाला होता की आपल्याला काही होणार नाही, आणि प्रत्यक्षात विमाने त्यांच्या डोक्यावरून जाऊ लागली. त्यानंतर ऑस्ट्रेलियात एन-७० सारखी मापे पुढे आली: या ठिकाणी दिवसाला ७० डेसिबलच्या वर जाणारी विमाने किती? बाहेर ७० असेल तर खिडकी उघडी असलेल्या खोलीत साधारण ६० पोचतात, आणि तिथे बोलणे थांबवावे लागते. “तुमच्या घरावरून दिवसाला सरासरी ४२ अशी विमाने जातील” हे वाक्य कोणालाही कळते. “तुमचा डीएनएल ५८ आहे” हे कळत नाही. माझ्या मते सरासरीचे माप टाकून देण्याची गरज नाही, पण त्याच्याशेजारी संख्येचा नकाशा नसेल तर लोकांपुढे अर्धीच माहिती ठेवली असे म्हणावे लागेल.

प्रत्येक देशाचे माप वेगळे का?

अधिभार कधी आणि किती लावायचा, यावर मतभेद आहेत म्हणून. युरोपीय संघाच्या एल-डेन मापात संध्याकाळच्या चार तासांवर ५ आणि रात्रीच्या आठ तासांवर १० डेसिबलचा अधिभार असतो. ऑस्ट्रेलियाचे एएनईएफ माप आणखी निराळे. भारताने २०१८ च्या अधिसूचनेत अधिभार न लावता दिवस आणि रात्र वेगळी ठेवली: विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रात, वर्षाला ५०,००० पेक्षा जास्त उड्डाणे-अवतरणे असलेल्या ठिकाणी दिवसा ७० आणि रात्री ६५, इतरत्र ६५ आणि ६०. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी माप कोणते ते पाहा.

नकाशावरच्या ध्वनिरेषा मोजून काढतात की गणिताने?

गणिताने. दर शंभर मीटरवर खांब रोवणे शक्य नाही, आणि वीस वर्षांनंतरचा आवाज तर मोजताच येत नाही. संगणकाला धावपट्ट्यांची जागा, कोणत्या प्रकारची किती विमाने, कोणत्या वेळी, कोणत्या मार्गाने हे सांगायचे. प्रत्येक विमानाच्या इंजिनाचा जोर आणि त्याचे अंतर यांवरून जमिनीवर किती आवाज पोचेल, याचे तक्ते तयार असतात. अमेरिकेत २०१५ पासून एईडीटी ही प्रणाली वापरतात. त्याआधी आयएनएम होती. मोजणीचे खांब हे गणित तपासायला लागतात.

गणितातली खरी मेख सूत्रात नसते, गृहीतकांत असते. रात्रीची उड्डाणे किती टक्के धरली? वर्षातले किती दिवस कोणत्या दिशेने उड्डाण धरले? जुनी, मोठ्या आवाजाची मालवाहू विमाने कधी निवृत्त होतील असे मानले? नकाशावर हरकत घ्यायची असेल तर रेषेच्या वळणावर वाद घालण्यापेक्षा हे तीन आकडे मागा.

६५ डेसिबलच्या रेषेबाहेर त्रास नसतो का?

असतो. ती रेषा आवाजाने आखलेली नाही, धोरणाने आखलेली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७४ साली आरोग्य आणि स्वास्थ्य पुरेशा सुरक्षित अंतराने जपायचे तर घराबाहेर डीएनएल ५५ हवा, असे म्हटले होते. १९७९ च्या कायद्यानंतर तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाने घरांसाठी ६५ ही मर्यादा धरली, कारण खर्च आणि शक्यता यांचा मेळ तिथे बसत होता. तेव्हा हाताशी असलेल्या, थिओडोर शुल्ट्झ यांनी १९७८ साली मांडलेल्या, आवाज आणि त्रास यांचा संबंध दाखवणाऱ्या आलेखाच्या धर्तीवर ६५ ला साधारण आठातला एक माणूस अतिशय त्रस्त असतो असे धरले जाई.

पुढे त्याच प्रशासनाने २० विमानतळांभोवती १०,००० हून अधिक लोकांना विचारले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ६५ डेसिबलला अतिशय त्रस्त लोकांचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश निघाले, आणि ५० डेसिबललासुद्धा साधारण पाचातला एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपासाठी दिलेल्या शिफारशीत विमानांचा एल-डेन ४५ च्या आणि रात्रीचा आवाज ४० च्या खाली असावा असे म्हटले आहे.

तेव्हा रेषेच्या बाहेर पन्नास मीटरवर घर घेताना “आपण सुटलो” असे समजू नका. रेषा नकाशावर असते, आवाज तिथे थांबत नाही.

काल दिवसभर शांत होते, आज सकाळपासून एकामागून एक. का?

वारा फिरला. विमाने शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उडतात आणि उतरतात. वारा बदलला की धावपट्टीचे टोक बदलते, आणि काल ज्या गावावरून एकही विमान गेले नाही, त्यावरून आज सगळी जातात. यामुळेच घर पाहायला एकदाच गेलात तर फसगत होते. वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या वेळी आणि एकदा तरी रात्री जाऊन या. स्वच्छ, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, तेव्हा आवाज वर जाण्याऐवजी खाली वळतो आणि लांबवर ऐकू येतो.

मार्गच बदलले, असेही घडते. उपग्रहांच्या मदतीने विमाने आता रुळावरून चालल्यासारखी एकाच रेषेत जाऊ शकतात. पूर्वी ती पसरून जात, त्यामुळे त्रासही वाटला जाई. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्सवरून निघणाऱ्या विमानांचे मार्ग असे बदलले आणि शहरातल्या जुन्या वस्त्यांवर अचानक विमानांची रांग लागली. शहर न्यायालयात गेले, आणि २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला.

मोबाइलच्या ॲपने मोजलेले चालते का?

स्वतःला अंदाज यावा म्हणून चालते, पुरावा म्हणून नाही. फोनचा मायक्रोफोन बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो, त्याचे कॅलिब्रेशन झालेले नसते, आणि हातात धरल्यावर तो तुमचाही आवाज मोजतो.

“सुसंगत भूवापर” म्हणजे नक्की काय?

ज्या कामाला तिथला आवाज बाधत नाही, ते काम तिथे. गोदामे, कारखाने, शेती, वाहनतळ, ठोक बाजार यांना ७० डेसिबलमध्येही फारसे बिघडत नाही. कार्यालये आणि दुकाने थोड्या काळजीने चालतात. घरे, शाळा, रुग्णालये, वसतिगृहे, वाचनालये, प्रार्थनास्थळे यांना दूर ठेवायचे. अमेरिकी नियमांत ६५ च्या आत नवी घरे सुसंगत धरत नाहीत. ती बांधूच द्यायची असे स्थानिकांनी ठरवले, तर ६५ ते ७० मध्ये बांधकामाने किमान २५ डेसिबल अडवले पाहिजेत आणि ७० ते ७५ मध्ये ३०. ७५ च्या पुढे घर नको, कितीही जाड भिंती असोत. चाकांवरच्या तकलादू घरांना ६५ च्या आत जागाच नाही, कारण त्यांच्या पातळ भिंती काही अडवू शकत नाहीत. उघड्यावरची संगीत-नाट्यगृहेही चालत नाहीत. छप्परच नाही तर अडवणार काय?

इथे एक चूक वारंवार होते. आवाजाला सुसंगत म्हणजे विमानतळाला सुसंगत, असे नव्हे. कचरा डेपोला आवाज ऐकू येत नाही, पण त्यावर घारी-बगळे येतात आणि पक्षी इंजिनात जातात. शोभेचे तळेही तेच करते. उंच चिमणी मार्गात येते, तिचा धूर वैमानिकाची दृष्टी अडवतो. गोदामे आवाजाला चालली, तरी उतरण्याच्या रेषेत धावपट्टीच्या अगदी टोकाशी खूप माणसे काम करतील असे काहीच नको, कारण अपघात बहुतेक तिथेच होतात. म्हणून आवाज, सुरक्षा, उंची आणि पक्षी असे चार नकाशे एकावर एक ठेवून मगच रंग भरायचा.

शाळेबाबत एवढा आग्रह का?

म्युनिकमुळे. १७ मे १९९२ रोजी तिथला जुना विमानतळ बंद झाला आणि दुसऱ्या ठिकाणी नवा सुरू झाला. संशोधकांनी दोन्ही परिसरांतल्या मुलांच्या चाचण्या आधीही घेतल्या होत्या आणि नंतरही घेतल्या. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घकालीन स्मरण मागे पडलेले होते, विमाने थांबल्यावर ते सुधारले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे विमाने आल्यावर घसरले. एकाच शहरात, उलटसुलट दोन्ही बाजूंनी तपासलेली अशी गोष्ट क्वचित मिळते. शिक्षक वाक्य अर्धवट सोडून विमान जाण्याची वाट पाहतात, आणि असे दिवसातून तीस-चाळीस वेळा होते, हे ज्याने वर्गात बसून पाहिले तो शाळेचा भूखंड रेषेच्या काठावर ठेवणार नाही.

विमानेच शांत केली तर जमिनीवर बंधने कशाला?

विमाने खरोखर खूप शांत झाली आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, १९७१ साली आपल्या सोळाव्या परिशिष्टात विमानांच्या आवाजाची मर्यादा घातली आणि ती टप्प्याटप्प्याने कडक केली. आज नव्या विमानाची कसोटी तीन ठिकाणी घेतात: धाव सुरू केल्यापासून ६.५ किलोमीटरवर, धावपट्टीच्या मध्यरेषेपासून ४५० मीटर बाजूला, आणि उतरताना धावपट्टीच्या २ किलोमीटर आधी. २००१ साली याच संघटनेने “संतुलित दृष्टिकोन” मांडला. त्याचे चार भाग आहेत: विमान शांत करणे, जमिनीचे नियोजन, उड्डाणाच्या पद्धती आणि, इतर उपायांनी भागले नाही तरच, उड्डाणांवर निर्बंध.

पण इथेच एक सापळा आहे. विमाने शांत झाली की ध्वनिरेषा आक्रसतात. मधली पट्टी “मोकळी” झाली असे म्हणत बांधकाम परवानग्या मागितल्या जातात आणि दिल्याही जातात. दहा वर्षांनी उड्डाणे वाढतात, रेषा पुन्हा पसरतात, आणि आता तिथे हजारो कुटुंबे राहत असतात. अभियंत्यांनी तीस वर्षे खपून मिळवलेली शांतता एका लेआउटच्या मंजुरीत संपते. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण विमान बदलता येते, धावपट्टीचा वापर बदलता येतो, वेळापत्रक बदलता येते. राहते घर उठवणे मात्र कोणालाच जमत नाही, आणि जमवूही नये. म्हणून विकास आराखड्यात आजची रेषा न घेता विमानतळाच्या पूर्ण क्षमतेची, आणि सगळ्या मार्गांची एकत्रित रेषा घ्यावी. रेषा आक्रसली तरी पट्टी सोडू नये.

मग विमानतळच लांब का नेत नाहीत?

माँट्रियालने ते करून पाहिले. १९७५ साली मिराबेल विमानतळ उघडला, त्याच्याभोवती सुमारे ९७,००० एकर जमीन संपादित केली होती. आवाजाचा प्रश्न सुटला, पण प्रवाशांना तो इतका गैरसोयीचा पडला की २००४ मध्ये तिथली प्रवासी वाहतूक थांबली. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या त्या गेल्याच, पुढे बराच भाग परत करावा लागला.

डेन्व्हरने १९९५ साली शहरातला स्टेपल्टन विमानतळ बंद करून सुमारे ५३ चौरस मैलांच्या जागेत नवा उघडला. तो चालला, वाढला. तरी शेजारच्या ॲडम्स काउंटीशी आवाजाच्या ठरलेल्या मर्यादांवरून न्यायालयात वाद झालाच. अंतराने मदत होते, पण भोवतालच्या जमिनीवर कोणाचे नियंत्रण आहे हा प्रश्न अंतराने सुटत नाही.

स्थानिक नियोजनकारांच्या हातात नेमके काय असते?

वाटते त्यापेक्षा बरेच. अडचण अशी की विमानतळ एकाच्या ताब्यात असतो आणि भोवतालची जमीन तीन-चार वेगवेगळ्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत. विमानतळ नकाशा देतो, पण परवानगी तो देत नाही. परवानगी देणाऱ्याला करवसुली दिसते, रात्रीची तक्रार दुसऱ्याकडे जाते. म्हणून पहिली पायरी म्हणजे ध्वनिरेषा विकास आराखड्यात कायद्याने उतरवणे, नुसती “माहितीसाठी” जोडणे नव्हे.

त्यानंतर झोनिंग: घरांऐवजी उद्योग, गोदाम, शेती. मालकाचा बांधकामाचा हक्क मारला जात असेल तर तो हक्क दुसरीकडे हस्तांतरित करण्याची सोय. सर्वांत आतल्या पट्टीतली जमीन विकत घेणे. तिच्या बाहेर जमीनमालकाकडून मोबदला देऊन विमाने वरून जाण्याचा हक्क नोंदवून घेणे, जो खरेदीखताबरोबर पुढच्या मालकालाही लागू होतो. आणि घर विकताना ध्वनिक्षेत्राची माहिती लेखी देणे सक्तीचे करणे. हा शेवटचा उपाय स्वस्त आहे, प्रामाणिक आहे, आणि बिल्डर त्याला सर्वांत जास्त विरोध करतात, यातच त्याची परिणामकारकता कळते. पण नुसत्या माहितीने आवाज कमी होत नाही. तो झोनिंगचा पर्याय नाही.

दुहेरी काचा बसवल्या की झाले का?

खिडक्या बंद ठेवल्या तर. साधे बांधकाम बंद खिडक्यांनी २० डेसिबलच्या आसपास अडवते, उघड्या खिडकीने त्याहून बरेच कमी. घरात ४५ हे उद्दिष्ट धरतात. दुहेरी काचा, जड दारे, छताखाली रॉकवूल, फटी बुजवणे याने आणखी ५ ते १० मिळतात. पण सगळ्यात कमकुवत फट जेवढी, तेवढेच घर शांत. पंख्याची जाळी उघडी ठेवून लाखांच्या काचा बसवल्या तर पैसे वाया. खिडक्या बंद म्हणजे हवा खेळती ठेवायला यंत्रणा हवी, तिचे बिल हवे. आणि अंगण, गच्ची, गॅलरी यांना काच लागत नाही. जुन्या घरांसाठी हा उपाय जरूर करावा. नव्या घरांना परवानगी देण्याची सबब म्हणून तो वापरू नये.

झाडे किंवा भिंत?

डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला दोन्हींचा उपयोग नाही. धावपट्टीवरून येणाऱ्या जमिनीलगतच्या खोल घरघरीला मात्र होऊ शकतो. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाजवळच्या लोकांना जाणवले की शेते नांगरल्यावर आवाज कमी येतो. सऱ्यांमुळे ध्वनिलहरी विखुरत होत्या. त्यावरून तिथे मातीच्या उंच सऱ्यांचे एक मोठे उद्यान केले, ते २०१३ साली खुले झाले.

विमानतळ आधी होता, मग नंतर येणाऱ्यांनी तक्रार का करावी?

प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. १९४६ सालचा कॉझबी खटला पाहा. नॉर्थ कॅरोलायनात एका कुटुंबाचे कोंबड्यांचे खुराडे होते. युद्धकाळात जवळच्या धावपट्टीवर लष्करी विमाने येऊ लागली, त्यांच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फुटांवरून. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मेल्या, सुमारे १५०. धंदा बंद करावा लागला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इतक्या खालून वारंवार उडणे म्हणजे त्या जमिनीवरचा हक्क घेण्यासारखेच आहे आणि त्याची भरपाई दिली पाहिजे. १९६२ साली ग्रिग्ज खटल्यात ही जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्यावर टाकली गेली.

शिवाय “विमानतळ आधी होता” हे खरे असले तरी तेव्हा दिवसाला वीस विमाने होती आणि आज चारशे आहेत, असे बहुधा असते. घर घेणाऱ्याने जो विमानतळ पाहिला, तो हा नसतो. दोष द्यायचाच तर वाढ होणार हे माहीत असून परवानगी देणाऱ्याला आधी द्यावा.

तक्रार करायची तर कशी?

तारीख आणि वेळ मिनिटापर्यंत लिहा. मिनिट असेल तर रडारवरून विमान सापडते, “काल रात्री” वरून सापडत नाही. तुम्ही घरात होता की बाहेर, खिडकी उघडी होती की बंद, विमान चढत होते की उतरत होते, आणि नेमके काय बिघडले ते लिहा: झोपमोड झाली, फोन ठेवावा लागला, खिडकीच्या काचा थरथरल्या. थरथर लिहायला विसरू नका. नेहमीचे ए-भारित मोजमाप खोल, जाड सूर कमी धरते, त्यामुळे तुमच्या काचा हलवणारा आवाज यंत्रावर मामुली दिसू शकतो. तसे वारंवार होत असेल तर खोल सूरही नीट धरणाऱ्या सी-भारित मोजमापाची मागणी लेखी करा. महिनाभराची वही ठेवून शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून एकदम अर्ज दिला, तर तात्पुरते मोजणी यंत्र बसवून घेण्याची मागणी टाळणे अवघड जाते. आणि विकास आराखड्याच्या हरकतींची मुदत चालू असेल, तर तीच वही तिथेही लावा. तक्रार खात्याच्या हातात विमानाचा मार्ग असेल-नसेल, शेजारच्या मोकळ्या शेतात काय बांधायचे ते मात्र त्या मुदतीतच ठरते.